डेरिकचा चेहरा हलत का नाही?

आधी प्रश्न थोडक्यात देते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते लिहितात: "लहानपणी दूरदर्शनवर 'ओल्ड फॉक्स' पाहायचो. आता निवृत्तीनंतर जुन्या जर्मन मालिका शोधताना 'डेरिक' हाती लागली. वीस-बावीस भाग झाले. मालिका आवडते, पण हॉर्स्ट टापर्ट यांचा चेहरा हलतच नाही. याला अभिनय म्हणायचं का? आणि चोवीस वर्षं एकच भूमिका, म्हणजे दुसरं काही जमत नव्हतं की मिळत नव्हतं?"

('डेरिक' ही म्युनिकच्या श्टेफान डेरिक या पोलिस अधिकाऱ्याची गुन्हेशोधाची मालिका, आणि टापर्ट त्यात डेरिक झाले होते.) प्रश्न दोन आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो. या माणसाने डेरिक उभा केला, की डेरिकने हा माणूस गिळला? तुम्ही पहिली बाजू नाकारून दुसरी धरून चालला आहात, असं वाटतं. मी उलट बाजूने बोलणार आहे, पण शेवटपर्यंत नाही.

मी समीक्षक नाही. सत्तावीस वर्षं डबिंगमध्ये आहे. आधी आवाज दिले, मग संवाद बेतले, आता बहुतेक वेळ काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांना "पुन्हा एकदा" म्हणते. जर्मन पुण्यात मॅक्स म्यूलर भवनात शिकले. त्यामुळे नट बरा की वाईट, हे मी त्याच्या तोंडी दुसरी भाषा घालताना कुठे कुठे अडतं त्यावरून ठरवते. हा एकांगी मापदंड आहे, पण टापर्टना तो चांगला लागू पडतो.

माझं सगळं म्हणणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे. तुम्ही कुठल्या काळातले भाग पाहिलेत आणि कुठल्या भाषेत पाहिलेत? १९७०च्या दशकातला डेरिक आणि १९९०च्या दशकातला डेरिक यांत फरक आहे, आणि तो फक्त डोळ्यांखालच्या पिशव्यांचा नाही. आणि इंग्रजी डबमध्ये पाहत असाल, तर तुम्ही अर्धाच नट पाहताय. 'ओल्ड फॉक्स' आपण सगळ्यांनी इंग्रजीतच पाहिलं, म्हणून आपल्याला ती सवयही आहे.

आता थोडा हिशेब, आणि हिशेब हा शब्द इथे नेमका बसतो. टापर्ट यांचा जन्म २६ मे १९२३चा, एल्बरफेल्डमधला. ते आता वुपरटाल शहरात मोडतं, डोक्यावरून लटकत जाणारी रेल्वे आहे ते शहर. वडील पोस्टात नोकरीला. मुलाचं शिक्षण व्यापारी कारकुनीचं. मग युद्ध, त्याबद्दल पुढे बोलावंच लागेल. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, हा तरुण श्टेंडाल नावाच्या गावातल्या नाट्यगृहात हिशेबनिसाची जागा मागायला गेला आणि तिथे नट म्हणून उभा राहिला. वय बावीस. अभिनयाची शाळा वगैरे काही नाही.

जर्मनीत गावोगावी नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या पैशावर चालणारी नाट्यगृहं असतात आणि त्यांची स्वतःची पगारी नटमंडळी असतात. आपल्याकडे नट 'नाइट'वर जगतो. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. तिथे महिन्याचा पगार, आणि त्या बदल्यात आज शोकांतिकेत राजाचा निरोप्या, उद्या फार्समध्ये डॉक्टर, परवा मुलांच्या नाटकात लांडगा. टापर्टनी श्टेंडालनंतर गॉटिंगेन, कॅसल, बॉन, वुपरटाल अशी बरीच गावं केली आणि १९५६ साली ते म्युनिकच्या कामरश्पीलेत पोचले. हे पश्चिम जर्मनीतल्या सर्वांत मानाच्या नाट्यगृहांपैकी एक. तिथे ते दहाएक वर्षं होते. म्हणजे डेरिकचा पहिला भाग लागला त्या दिवशी हा माणूस एकावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या पाठीशी एकोणतीस वर्षांची चाकरी होती. दुसरं काही जमत नव्हतं, असं म्हणणं कठीण आहे.

आता १९६६कडे येऊ. माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे, आणि तुमच्या लहानपणचा 'ओल्ड फॉक्स'ही तिथेच भेटतो.

८ ऑगस्ट १९६३ रोजी इंग्लंडमध्ये ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी अडवून सव्वीस लाखांहून जास्त पौंड लुटले गेले. जर्मन टीव्हीने अडीच वर्षांतच त्यावर तीन भागांची फिल्म केली. खरी नावं बदलली, घटना जवळजवळ तशाच ठेवल्या. टोळीचा म्होरक्या झाले हॉर्स्ट टापर्ट. त्यांच्या मागावर असलेला स्कॉटलंड यार्डचा अधिकारी झाले झिगफ्रीट लोवित्झ, म्हणजेच पुढे एर्विन क्योस्टर, म्हणजेच आपला 'ओल्ड फॉक्स'. पुढचा डेरिक इथे चोर आहे आणि पुढचा म्हातारा कोल्हा पोलिस! ही फिल्म पाहायला तेव्हा पश्चिम जर्मनीतले रस्ते ओस पडायचे. बेचाळीस वर्षांच्या टापर्टना लोक पहिल्यांदा रस्त्यात ओळखू लागले ते दरोडेखोर म्हणून.

ही फिल्म मिळाली तर आवाज बंद करून बघा. टोळीतले बाकीचे घाबरतात, चिडतात, फुशारक्या मारतात. म्होरक्या बसून ऐकतो. चेहरा हलत नाही. आणि आपल्याला त्याची भीती वाटते, कारण या माणसाने मनात सगळं मोजून ठेवलंय हे कळत राहतं. आठ वर्षांनी तोच चेहरा, तीच न हलणारी मान, तेच किंचित पुढे झुकणं. फक्त खुर्ची पोलिसाची. आता आपल्याला आधार वाटतो. तुम्ही ज्याला 'काहीच करत नाही' म्हणता ती गोष्ट अशी आहे की ती चोराच्या अंगावर धाक होते आणि पोलिसाच्या अंगावर धीर. हे 'काहीच नाही' असतं, तर दोन्हीकडे सारखंच लागलं असतं.

या दोन टोकांच्या मधली वर्षं भरभर सांगते. १९६८-६९मध्ये एडगर वॉलेसच्या रहस्यकथांवरच्या जर्मन चित्रपटांत ते इन्स्पेक्टर पर्किन्स झाले. स्टुडिओतलं धुकं, जर्मन बोलणारं लंडन, हाताखालच्या सार्जंटचं नाव पेपर; सालं आणि बीटल्सचा 'सार्जंट पेपर' लक्षात घेता हा विनोद कुठून आला ते सांगायला नको. यांचे दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर. १९७०चा 'पेराक'ही त्यांचाच, त्यात टापर्ट हॅम्बुर्गचे पोलिस अधिकारी. याच फोरर यांनी पुढे डेरिकचे बरेच भाग केले. शिवाय १९७१च्या सुमारास स्पॅनिश दिग्दर्शक जेस फ्रँको यांच्या स्वस्त, भडक चित्रपटांतही टापर्ट दिसतात. डेरिकनंतर ते पाहिलेत तर चहा सांडेल.

आणि मग २० ऑक्टोबर १९७४. निर्माते हेल्मुट रिंगेलमान, लेखक हेर्बर्ट राइनेकर. ही जोडी त्याआधी 'देर कोमिसार' नावाची मालिका करत होती. तिच्यात मुख्य अधिकारी होते एरिक ओडे, आणि ते आमच्या जातीचे: गाजलेले डबिंग कलाकार आणि डबिंग दिग्दर्शक. त्या मालिकेतला तरुण साहाय्यक हॅरी क्लाइन, म्हणजे फ्रिट्झ वेपर, बदली झाल्यासारखा डेरिकमध्ये आला, आणि तिकडे त्याच्या जागी पडद्यावरचा भाऊ म्हणून त्याचा सख्खा भाऊ एल्मार आला. सरकारी खात्यात असतं तसंच. १९७४ ते १९९८ अशा चोवीस वर्षांत डेरिकचे २८१ भाग झाले, आणि ते सगळेच्या सगळे एकट्या राइनेकर यांनी लिहिले. महिन्याला साधारण एक तास. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेशी याची तुलना करू नका. नटाला श्वास घ्यायला वेळ होता, आणि दर वेळी गोष्ट नवी होती.

आता मुख्य मुद्दा. चेहरा हलत का नाही?

डेरिकच्या बहुतेक भागांची रचना बघा. दर वेळी एक नवं घर, बऱ्याचदा म्युनिकच्या श्रीमंत उपनगरातला बंगला. एक नवं दुःख, एक नवा अपराधी. ती भूमिका करायला दर वेळी नवा आणि तगडा पाहुणा नट. पहिल्याच भागात वोल्फगांग किलिंग आहेत, एका शिक्षकाच्या भूमिकेत, आणि खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. (सुरुवातीचे काही भाग असेच होते, प्रेक्षकांना ते फारसं रुचलं नाही, म्हणून पुढे खुनी झाकून ठेवू लागले. माझ्या मते तेच भाग सर्वोत्तम आहेत.) पुढे मारिया शेलसारखी मोठी नटीही येऊन गेली. हे पाहुणे एका तासासाठी येतात आणि त्यांना रडायचं असतं, खोटं बोलायचं असतं, कोसळायचं असतं. त्यांच्यासमोर बसलेला माणूसही तसाच पेटला, तर प्रेक्षक बघणार कोणाकडे?

मैफलीत तंबोरा वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण तो गायकाबरोबर ताना घेऊ लागला तर मैफल तिथेच आटपते. टापर्ट २८१ भाग तंबोऱ्यावर बसले. आणि तंबोरा सोपा असतो असं ज्याला वाटतं, त्याने तो तासभर एका लयीत छेडून दाखवावा.

हे मला पुस्तकातून नाही, एका फजितीतून कळलं. काही वर्षांपूर्वी मी नव्या मुलांसाठी डबिंगची कार्यशाळा घेतली. सरावासाठी डेरिकमधला चार मिनिटांचा चौकशीचा प्रसंग मीच मराठीत बेतला. मनात म्हटलं, डेरिकची वाक्यं छोटी आहेत, ओठही फार उघडत नाहीत, नवख्यांना जमेल. पाहुण्या नटाचा आवाज देणारी मुलगी दुसऱ्या टेकला पास झाली. डेरिक मात्र एकालाही जमेना. प्रत्येक जण थांब्यात काहीतरी भरत होता: हं, अच्छा, एक उसासा, घसा खाकरणं. आम्ही याला रिअ‍ॅक्शन म्हणतो आणि एरवी मुलांना "रिअ‍ॅक्शन दे रे" म्हणून ओरडतो, त्यामुळे चूक माझ्याच शिकवणीची होती. पण पडद्यावरचा माणूस काहीच भरत नव्हता. तो समोरच्याच्या खोट्याला जागा देत होता. प्रश्न विचारायचा, उत्तर मिळायचं, आणि हा चार सेकंद गप्प. त्या चार सेकंदांत समोरच्याला वाटायचं की आपलं उत्तर कमी पडलं, आणि तो एक वाक्य जास्त बोलायचा. अपराधी सापडायचा तो त्या जास्तीच्या वाक्यात. आमच्या मुलांनी थांबे भरले आणि चौकशीतली सगळी हवाच गेली. शेवटी एका मुलाने नुसते शब्द म्हटले आणि मधल्या जागा सोडून दिल्या. रेकॉर्डिंग करणारा मला म्हणाला, "मॅडम, मधे काही आलंच नाहीये." मी म्हटलं, असू दे तसंच.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. जर्मनमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं असतं. डेरिक संशयिताला कायम 'तुम्ही' म्हणतो, खुनी आहे हे कळल्यावरसुद्धा. अटक करतानाही 'तुम्ही' सुटत नाही. इंग्रजी डबमध्ये हे सगळं एकाच सर्वनामात बुडून जातं आणि उरतो तो निर्विकार चेहरा. मराठीत ते छान उतरतं, कारण आपल्याला ठाऊक आहे की कोणी शांतपणे 'तुम्ही' म्हणत राहिलं की ते आवाज चढवण्यापेक्षा जास्त जड जातं. उलट अडचण येते ती हॅरीची. हॅरी आणि डेरिक एकमेकांना नावाने हाक मारतात आणि 'तू' म्हणतात. मराठीत हाताखालचा अधिकारी साहेबांना "श्टेफान, तू चल" म्हणाला, तर ऐकणारा दचकेल. 'सर' केलं तर ती वीस वर्षांची सोबत जाते. मी त्या प्रसंगात शेवटी हॅरीची वाक्यं अशी फिरवली की सर्वनामच येऊ नये.

हॅरीचा विषय निघालाच आहे म्हणून: "हॅरी, गाडी काढ" या अर्थाचं जे वाक्य डेरिकचं म्हणून जर्मनीत घरोघरी म्हटलं जातं, ते त्या शब्दांत डेरिकने कधी उच्चारलेलंच नाही. लोकांनी ते त्याच्या तोंडी घातलं. फ्रिट्झ वेपरना मात्र ते जन्मभर ऐकावं लागलं. २०२४ साली ते गेले. पोरसवदा वयात १९५९च्या 'दी ब्र्युके' या चित्रपटात आणि पुढे हॉलिवुडच्या 'कॅबरे'त काम केलेला हा नट, पण त्याची ओळख गाडी काढणारा. एका भूमिकेने माणूस गिळण्याबद्दल बोलायचं, तर मला टापर्टपेक्षा वेपर यांचीच आधी आठवण येते.

मालिका शंभरहून जास्त देशांत गेली. इटलीत, फ्रान्समध्ये डब होऊन, नॉर्वेत सबटायटलसह. इटलीत तर उंबेर्तो एको यांच्यासारख्या मोठ्या लेखकाने डेरिकच्या सामान्यपणावर, त्याच्या मध्यमपणाच्या आकर्षणावर लिहिलं. मोठी कारणं असतील ती असोत, पण धंद्यातली बाई म्हणून मला एक साधं कारण दिसतं: ही मालिका डब करायला सोपी आहे. म्युनिकमध्ये घडते, पण कोणी तिथली बवेरियन बोली फारशी बोलत नाही. कोल्हापुरात घडणाऱ्या मालिकेत सगळ्यांनी बातम्या वाचल्यासारखं बोलावं, तसं. राइनेकर यांची वाक्यं स्वच्छ, पुस्तकी, थोडी जड. एकाचे शेवटचे शब्द दुसरा प्रश्न म्हणून परत म्हणतो. शिव्या नाहीत, स्थानिक विनोद नाहीत, कोट्या नाहीत. जर्मन प्रेक्षकाला हे कधी कधी कृत्रिम वाटतं. जगातल्या बाकी भाषांसाठी ती मोकळी वाट होती. आणि अशा लाकडी वाक्यांना जिवंत ठेवायला मधल्या शांततेवर हुकूम असलेला नट लागतो. त्यामुळे तो चेहरा अर्धा टापर्टचा आणि अर्धा राइनेकरच्या लिखाणाची गरज होता, असं माझं मत आहे.

आता एकाच भूमिकेत अडकण्याबद्दल. नवे नट मला हे नेहमी विचारतात: मोठी मालिका घेऊ का, शिक्का बसेल का? मी म्हणते, ते तुझ्या वयावर, भूमिकेच्या नावावर आणि बाहेर पडायच्या धैर्यावर अवलंबून आहे. तीन जर्मन नट शेजारी ठेवले की हे दिसतं.

पहिले तुमचे लोवित्झ. 'ओल्ड फॉक्स', म्हणजे मूळ जर्मनमधली 'देर आल्टे', १९७७ साली सुरू झाली तेव्हा ते बासष्ट वर्षांचे. शंभर भाग केले आणि १९८६मध्ये बाहेर पडले. क्योस्टरला गोळी घालून गोष्ट संपवली. मालिका मात्र चालूच राहिली, कारण तिचं नाव माणसाचं नव्हतं. 'म्हातारा' किंवा 'साहेब' असा त्याचा अर्थ. ती एक खुर्ची होती. रोल्फ शिंफ येऊन बसले, त्यांच्यानंतर आणखी काही जण. लोवित्झ गेले तरी खुर्ची उरली, म्हणून लोवित्झही सुटले.

दुसरे ग्योट्झ गेऑर्ग. १९८१ साली 'टाटोर्ट' या पोलिस मालिकेत ते डुइसबुर्गचे अधिकारी शिमान्स्की झाले: मळकं जॅकेट, तोंडात शिव्या, हाणामारी. डेरिकच्या नेमकं उलट. वय बेचाळीस. दहा वर्षांनी थांबले आणि १९९५ साली 'देर टोटमाखर' या चित्रपटात त्यांनी फ्रिट्झ हारमान या एकामागून एक खून करणाऱ्या खऱ्या गुन्हेगाराची भूमिका केली. व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. शिक्का पुसायचा तर असा.

तिसरे टापर्ट. मालिकेचं नावच डेरिक, त्यामुळे खुर्ची रिकामी करून दुसऱ्याला देता येत नव्हती. ते निघाले तर मालिका मरणार, आणि ते निघाले नाहीत. शेवटचा भाग १६ ऑक्टोबर १९९८चा; डेरिकची नेमणूक युरोपोल या युरोपीय पोलिस संस्थेत होते आणि तो म्युनिक सोडतो. टापर्ट तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे. खरा अधिकारी केव्हाच पेन्शन घेऊन बागेत गुलाबांना पाणी घालत असता.

आणि इथे मी तुमच्या बाजूने येते. शेवटच्या आठ-दहा वर्षांतले भाग तुम्ही पाहत असाल, तर तुमची तक्रार रास्त आहे. लेखक ऐंशीच्या आसपास, नट सत्तरीत, कॅमेराही बसकण मारलेला. पूर्वी जे ऐकणं होतं ते आता नुसतं बसणं झालं. सत्तरच्या दशकातला डेरिक बंद दारावर खांदा मारतो, चिडतो, क्वचित हसतो, सुरुवातीला त्याच्या आयुष्यात एक मैत्रीणही दिसते. पुढे मैत्रीण गेली, हसू गेलं, उरला ट्रेंचकोट. मुद्दलावर केलेला व्यापार आणि व्याजावर काढलेले दिवस यात जो फरक असतो, तोच. ते स्वतः काही भागांचं दिग्दर्शनही करत होते, त्यामुळे कोणी बळजबरीने बसवून ठेवलं होतं असंही नाही. नंतर त्यांनी टीव्हीवर एका कार्डिनलची भूमिका केली, २००४मध्ये डेरिकच्या कार्टूनपटात स्वतःच्याच भूमिकेला आवाज दिला (वेपरनीही दिला, डबिंगवाल्यांना याचं फार कौतुक), आणि डिसेंबर २००८मध्ये ते म्युनिकजवळच्या प्लानेगमध्ये गेले. त्या भूमिकेने त्यांना गिळलं असेल तर ते साठीनंतर, आणि त्यांच्या संमतीने.

इथे थांबता आलं असतं, पण २०१३नंतर टापर्टबद्दल लिहिताना थांबता येत नाही. त्या वर्षी योर्ग बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाला जुन्या लष्करी नोंदी तपासताना टापर्टचं नाव सापडलं: मार्च १९४३, वाफेन-एसएस (नाझींच्या एसएस संघटनेची लढाऊ शाखा), टोटेनकोफ रेजिमेंट. टोटेनकोफ म्हणजे कवटी. ही तुकडी मुळात छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांतून उभी राहिली होती. टापर्ट तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. १९४३पर्यंत वाफेन-एसएसमध्ये सक्तीची भरतीही होऊ लागली होती, आणि ते तिथे कसे गेले हे नोंदीतून कळत नाही. पण हयातभर त्यांनी हे सांगितलं नाही. आठवणी लिहिल्या, मुलाखती दिल्या; युद्धात वैद्यकीय मदतनीस होतो आणि मग युद्धकैदी, एवढ्यावर निभावलं. बातमी आल्यावर झेडडीएफ या जर्मन वाहिनीने मालिका पुन्हा दाखवणार नाही असं जाहीर केलं, आणि नेदरलँड्सच्या एका वाहिनीने पुनःप्रक्षेपणाचा बेत रद्द केला. बवेरियन पोलिसांनी त्यांना मानद अधिकारीपद दिलं होतं, त्यावरही चर्चा झाली. राइनेकर यांचा भूतकाळ मात्र आधीपासून उघड होता: ते हिटलर युथ या नाझी युवक संघटनेच्या मासिकांचे संपादक होते आणि युद्धात एसएसच्या प्रचार तुकडीचे वार्ताहर.

मी हे कळल्यावर जुने भाग पुन्हा पाहिले. डेरिकमध्ये सतत येणारा प्रसंग कोणता, आठवा. चांगल्या घरातला, प्रतिष्ठित माणूस, ज्याने खूप पूर्वी काहीतरी केलंय आणि ते दाबून तो नीटनेटकं आयुष्य जगतोय. डेरिक त्याच्यासमोर बसतो आणि वाट बघतो. तो लिहिणारा माणूस कोण होता आणि समोर गप्प बसणारा कोण होता, हे ठाऊक झाल्यावर त्या चार सेकंदांच्या शांततेकडे मला पूर्वीसारखं पाहता आलं नाही. त्यावरून त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगायला जाणार नाही. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत असता तर डेरिकची गरजच पडली नसती. पण कार्यशाळेत तो प्रसंग आता मी वापरत नाही. वापरू नये असं काही नाही. मुलं विचारतात, आणि मग तासभर डबिंगऐवजी दुसरंच चालतं.

तर तुम्हाला काय सुचवू? वीस-बावीस भाग पाहिलेच आहेत, तर आता ते बाजूला ठेवून अगदी पहिल्या भागाकडे जा. शक्यतो मूळ जर्मनमध्ये, खाली सबटायटल लावून. किलिंग बोलत असतील तेव्हा त्यांच्याकडे बघायचा मोह आवरा आणि कॅमेरा टापर्टवर येईल तेव्हा डोळे बघा, ओठ नकोत. त्यानंतर १९६६ची दरोड्याची फिल्म, तुमचे जुने म्हातारे कोल्हेबुवा त्यात एकावन्न वर्षांचे आहेत. मग हवं तर १९९५नंतरचा कुठलाही एक भाग. तिन्ही पाहून झाल्यावर चेहरा हलला की नाही ते इथेच लिहा. आणि इंग्रजी डब पाहिला असेल तर तेही सांगा, मला त्यातल्या डेरिकच्या आवाजाबद्दल एक वेगळीच तक्रार करायची आहे.